पुढच्या दातातलं कॉम्पोझिट सारखं पडतंय, कडेला रेघ येतेय? बॉन्ड बदलायच्या आधी काठ बघा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी ज्युनियर फोटो पाठवतं. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधला क्लास थ्री (दाताच्या बाजूच्या कडेची कॅव्हिटी, कोपरा शाबूत), भरून वर्षसुद्धा झालेलं नाही आणि कडेला तपकिरी रेघ, नाहीतर कोपरा बांधलेला क्लास फोर (जिथे दाताचा कोपराच गेलेला असतो) आणि पेशंट तुकडा कागदाच्या पुडीत घालून घेऊन आलाय, आणि खाली प्रश्न ठरलेला, "मॅडम, कुठला बॉन्ड वापरू?" तोवर बॉन्ड (फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव) बदलून झालेला असतो, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग मटेरियल) बदलून झालेलं असतं, डीलरशी फोनवर वाजवून झालेलं असतं, तरी पेशंट परत दारात उभा, "डॉक्टर, सिमेंट पडलं."

माझं सरळ मत आहे की पुढच्या दातातलं फिलिंग टिकणार की नाही हे बहुतेक वेळा बॉन्डची बाटली उघडायच्या आधीच ठरलेलं असतं, एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, हातात असतानाच. कॅव्हिटीचा काठ कुठे संपवला, तिथे इनॅमल (दाताचा वरचा कडक थर) आहे की मूळ सुरू झालंय, काठाला बेव्हल (तिरपा छाट) दिला का, दिला तर नको त्या जागी तर नाही ना दिला, आणि भरेपर्यंत तो काठ कोरडा राहिला का. हे नीट जमलं असेल तर बाजारातला कुठलाही बरा बॉन्ड चालतो, आणि जमलं नसेल तर महागातला महाग आणा, फरक पडत नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी पडलेलं फिलिंग वाचायला शिका. पेशंटने तुकडा आणला असेल तर तो लगेच डस्टबिनमध्ये टाकू नका, लूप्स (चष्म्याला लावायची भिंगं) असतील तर लूप्सखाली, नसतील तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, आणि दातही नीट वाळवून बघा. तुकडा अख्खा निघालाय, त्याची आतली बाजू गुळगुळीत आहे आणि दाताचा काठ कोरा चकचकीत दिसतोय, म्हणजे तिथे बॉन्ड झालाच नव्हता, एक तर एचंट (बॉन्डच्या आधी दात खडबडीत करायला लावायचं ॲसिड) तिथपर्यंत पोचलं नव्हतं नाहीतर मधे लाळ किंवा रक्त येऊन गेलं. उलट अर्धं कॉम्पोझिट अजून दाताला घट्ट आहे आणि बाहेरचा भागच तुटलाय, तर बॉन्ड बिचारा आपलं काम चोख करत होता, तिथे दोष बाईटचा (वरखालचे दात एकमेकांवर कसे येतात त्याचा) आहे किंवा मटेरियलची जाडी कमी पडलीय. आणि तिसरा प्रकार, तुकड्याच्या कडेला इनॅमलचा पांढरा पापुद्रा चिकटून आलाय, म्हणजे कॉम्पोझिटने इनॅमल सोडलं नाही, इनॅमलनेच दात सोडला, काठावरचं इनॅमल आधीच भेगाळलेलं होतं किंवा खालून पोकळ होतं. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि तिन्हींना आपण "बॉन्ड फेल गेला" असंच म्हणतो, तिथेच सगळा घोळ सुरू होतो.

तपकिरी रेघेचंही तसंच. लेबियल (ओठाकडच्या) बाजूला काठाच्या थोडी बाहेर, इनॅमलवर पसरलेली, अस्पष्ट, एक्सप्लोरर (टोकदार तपासणीचं हत्यार) फिरवला तर हलकासा लागतो, ही बहुतेक फ्लॅश असते, म्हणजे बेव्हलच्या पुढे, एच न केलेल्या (ॲसिड न लावलेल्या) इनॅमलवर कॉम्पोझिटचा पातळ पदर गेलेला असतो, तो चिकटत नाही, त्याच्याखाली चहा-हळद जाऊन बसते. आपल्याकडे दिवसातून चार वेळा चहा आणि रोजच्या आमटी-भाजीत हळद, त्यामुळे फट असली की ती दाखवायला वेळ लागत नाही. ही फ्लॅश बारीक फिनिशिंग डायमंडने किंवा डिस्कने काढली, पॉलिश केलं की रेघ गेली, अख्खं फिलिंग काढायची काही गरज नसते आणि तरी मी बघते की मुलं पूर्ण काढतात आणि दर वेळी कॅव्हिटी थोडी मोठी करून ठेवतात. काठावर बरोब्बर एक बारीक तपकिरी धागा असेल आणि आत काही दिसत नसेल तर तो भाग हलका खोलून, एच करून, बॉन्ड लावून, थोडं फ्लोएबल (पातळ कॉम्पोझिट) देऊन रिपेअर होतो. पण काठापासून आत फिलिंगच्या खाली सावली पसरलीय, किंवा हिरडीजवळच्या काठाला प्रोब आत जातोय, तर मात्र मोह न धरता काढा, खाली कीड असण्याची शक्यता जास्त. आणि पांढरी रेघ, जी भरल्याच्या दिवशीच दिसते, ती डाग नव्हेच, कॉम्पोझिट आकसताना किंवा कोरड्या दातावर जोरात फिनिशिंग केल्याने काठावरच्या इनॅमलला बारीक तडे गेलेले असतात, आज पांढरी दिसतेय ती पुढे जाऊन तपकिरी होणार.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. डेंटल कॉलेजात सेकंड इयरला प्री-क्लिनिकलमध्ये आपला हात ज्यावर बसतो तो अमाल्गमवर, म्हणजे चांदीच्या फिलिंगवर. सपाट तळ, एकसारखी खोली, आतून रुंद बाहेरून अरुंद, काठाला नव्वद अंशाचा कोन. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांचे हे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, चांदी भरायची किंवा सोन्याचा वर्ख ठोकून बसवायचा त्या काळातले, आणि त्या मटेरियलसाठी ते अगदी बरोबर होते कारण ते दाताला चिकटत नाही, त्याला अडकवूनच ठेवावं लागतं. दंतसंशोधक बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिक ॲसिडने इनॅमल खडबडीत करून त्यावर रेझिन चिकटवून दाखवलं, तेव्हा ॲसिड ८५ टक्क्यांचं होतं, आपण आता ३७ च्या आसपासचं वापरतो, पुढे बोवेन यांच्या बिस-जीएमए या रेझिनमुळे आजच्या कॉम्पोझिटचा पाया घातला गेला, आणि तिथून कॅव्हिटीचं गणितच बदललं. पण हात बदलत नाही ना! पुढच्या दातात बर गेला की तो आपोआप डबा कोरायला लागतो. कॉम्पोझिटला डबा नको असतो, त्याला जितकी कीड तितकीच खोली आणि भरपूर स्वच्छ इनॅमलचा काठ हवा असतो. आत अडकवायला खाचा करायची गरज क्वचित पडते, मोठी कॅव्हिटी आहे आणि हिरडीकडचा काठ मुळावर गेलाय अशा वेळी पाव नंबरच्या राउंड बरने छोटीशी खाच, बास.

शिरायचं कुठून, हा पुढचा प्रश्न. क्लास थ्रीमध्ये शक्य असेल तर पॅलेटल (टाळूकडच्या) बाजूने, म्हणजे समोरचं इनॅमल जसंच्या तसं राहतं आणि शेड एखाद नंबर इकडेतिकडे झाली तरी आरशात दिसत नाही. पण "शक्य असेल तर" हे महत्त्वाचं आहे. कीड मुळात लेबियल बाजूला उघडलेली असेल, दात एकमेकांवर चढलेले असतील, किंवा आधीचं फिलिंग समोरून असेल, तर हट्टाने मागून शिरून चांगली मार्जिनल रिज (दाताच्या मागच्या बाजूची कडेची उंच कड) उडवण्यात काही अर्थ नाही, समोरून जा. कीड नक्की कुठे आहे हे बघायला एक्स-रे तर आहेच, पण खुर्चीवरचा लाईट थोडा बाजूला करून पॅलेटल बाजूला आरसा धरा आणि उजेड दातातून आरपार सोडा, निरोगी दात एकसारखा उजळतो आणि कीड काळपट ढगासारखी दिसते, कुठल्या बाजूला जास्त पसरलीय तेही कळतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि फुकट आहे, तरी कॉन्सच्या (फिलिंगच्या विभागाच्या) पोस्टिंगमधून बाहेर पडल्यावर फार कमी लोक करतात.

बर लहान, राउंड, अर्धा किंवा एक नंबर, इनॅमलला काटकोनात धरून, आणि शेजारच्या दाताला स्टीलची मॅट्रिक्स पट्टी लावल्याशिवाय एअरोटर चालू करायचा नाही. हे मी जरा ठणकावून सांगते कारण दुसऱ्यांनी भरलेल्या दाताशेजारचा दात बघितला की अनेकदा बरने खरचटलेला सापडतो, आणि तो ओरखडा म्हणजे पुढच्या किडीला दिलेलं आमंत्रण. आधीच लाकडी वेज घालून ठेवली तर दोन फायदे, दात जरासे सरकून जागा मिळते आणि हिरडीचा शेंडा दाबला जाऊन त्याला बर लागत नाही, शिवाय नंतर काँटॅक्ट (शेजारच्या दाताला टेकणं) घट्ट येतो. नुसत्या मायलर स्ट्रिपवर (पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर) भरलेल्या क्लास थ्रीत काँटॅक्ट सैल राहिला की पेशंट म्हणतो, "पालेभाजी अडकते हो डॉक्टर," आणि अडकलेली भाजी परत त्याच काठाला त्रास देते.

कीड काढताना एक फरक लक्षात ठेवा. पल्पच्या (दाताच्या आतल्या नसेच्या) दिशेला, खोल भागात डेंटिन (इनॅमलखालचा थर) तपकिरी आहे पण स्पूनने (चमच्यासारख्या हत्याराने) खरवडल्यावर कडक लागतंय, तर ते राहू द्या, रंगाच्या मागे लागून पल्प उघडू नका. पण कडेला, जिथे इनॅमल आणि डेंटिन जुळतात तिथे, विशेषतः लेबियल बाजूला, मऊ काहीही ठेवायचं नाही आणि रंगसुद्धा शक्यतो ठेवायचा नाही. सील तिथेच मिळणार असतं हे एक, आणि तिथला तपकिरी रंग पातळ इनॅमलमधून समोर दिसतो, मग पेशंट दुसऱ्याच दिवशी म्हणणार की काळं तसंच आहे, तुम्ही काढलंच नाही. समोरचं इनॅमल खालून पोकळ झालं असेल पण त्यात तडा नाही, ते भुसभुशीत नाही आणि त्यावर खालच्या दाताचा मार येत नाही, तर ते ठेवता येतं, आतून कॉम्पोझिटचा आधार मिळतो. अमाल्गमच्या सवयीने ते उडवलं की क्लास थ्रीची खिडकी समोर उघडते आणि मग शेड जुळवत बसा.

आता बेव्हल. माझ्या मते अर्ध्याहून जास्त तक्रारी इथे मिटतात. इनॅमलचे रॉड्स साधारण पृष्ठभागाला काटकोनात उभे असतात, उदबत्त्यांचा जुडगा डोळ्यासमोर आणा. जुडग्याच्या टोकांवर डिंक लावून काही चिकटवलं तर प्रत्येक काडीच्या टोकाला पकड मिळते, बाजूने चिकटवलं तर बाहेरच्या काड्या सुटून येतात. नव्वद अंशाचा काठ सोडला की ॲसिडला रॉड्सच्या बाजू जास्त मिळतात, तेच पंचेचाळीस अंशाच्या आसपास तिरपा छाट दिला की टोकं उघडी पडतात, ॲसिड चांगलं चावतं आणि चिकटायला जागाही वाढते. शिवाय कॉम्पोझिट आणि दाताची सीमा एका कडक रेषेऐवजी हळूहळू विरत जाते म्हणून रंगही मिसळतो. क्लास थ्रीच्या लेबियल काठाला अर्धा मिलिमीटरच्या आसपास पुरतो. क्लास फोरला जास्त लागतो, एक ते दोन मिलिमीटर, कोपरा जितका मोठा गेलाय तितका लांब, आणि लेबियल बाजूला तो सरळ पट्टीने आखल्यासारखा न ठेवता थोडा नागमोडी ठेवलात तर सीमारेषा डोळ्याला सापडत नाही. बारीक ग्रिटचा फ्लेम डायमंड घ्या, पाणी चालू ठेवा, हलक्या हाताने. जाड ग्रिटने दाबून बेव्हल दिला तर काठाला नवे तडे पडतात आणि मग वर सांगितली ती पांढरी रेघ येते.

बेव्हल दिल्यावर दात वाळवा आणि थांबून बघा. सगळीकडे एकसारखा मॅट पट्टा दिसायला हवा, कुठे चकचकीत ठिपका दिसला तर तिथे डायमंड लागलेलाच नाही. एचंट बेव्हलच्या थोडं पुढे न्या, कॉम्पोझिट मात्र एच केलेल्या भागाच्या बाहेर जाऊ देऊ नका. इनॅमलला १५ ते ३० सेकंद, डेंटिनला १५ च्या वर नको, आणि डेंटिन खडखडीत वाळवू नका नाहीतर पेशंट थंड पाण्याने ठणकतंय म्हणून फोन करणार. सेल्फ-एच (वेगळं ॲसिड न लावता वापरायचा) किंवा युनिव्हर्सल बॉन्ड वापरत असाल तरी इनॅमलचा काठ ॲसिडने वेगळा एच करा, सौम्य सेल्फ-एच बॉन्ड एकटा इनॅमलला तितका चावत नाही.

आणि आता बेव्हल कुठे द्यायचा नाही, कारण एकदा बेव्हल आवडायला लागला की लोक सगळीकडे द्यायला लागतात. पॅलेटल बाजूला जिथे खालचे दात आपटतात तिथे नको, तिथे बेव्हल दिलात की कॉम्पोझिटचा पातळ पापुद्रा नेमका माराखाली येतो आणि तो तुटणार. हे आधी कळायला हवं म्हणून आर्टिक्युलेटिंग पेपर हातात घ्यायची वेळ शेवटची नाही, पहिली आहे, भूल द्यायच्या आणि रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारी रबरी चादर) लावायच्या आधी पेशंटला मिटायला लावा, दात पुढे सरकवायला लावा, निळे ठिपके कुठे पडतायत ते बघा आणि काठ त्या ठिपक्यांपासून लांब संपवा. दुसरी जागा मुळाचा भाग. काठ सिमेंटमवर (मुळावरच्या थरावर) गेला की तिथे इनॅमलच नाही, छाट देऊन कुठले रॉड्स उघडणार? तिथे काठ काटकोनात स्वच्छ ठेवा. हिरडीजवळ इनॅमल अगदी पातळ उरलं असेल तर तिथेही बेव्हल देऊन आहे तेवढं इनॅमल घालवू नका.

क्लास फाइव्हमध्ये, म्हणजे हिरडीजवळच्या कॅव्हिटीत, तर हे रोजचंच आहे, वरचा काठ इनॅमलवर, खालचा मुळावर, आणि रेघ नेहमी खालीच येते. वरच्या काठाला बेव्हल, खालच्याला नाही, आणि तो भाग कोरडा ठेवणं जमत नसेल तर ग्लास आयोनोमर (दुसऱ्या प्रकारचं दाताच्या रंगाचं सिमेंट) किंवा रेझिन मॉडिफाइड ग्लास आयोनोमर वापरायला कमीपणा मानू नका. दिसायला कॉम्पोझिटइतकं सुंदर नसेल, पण थोड्याशा ओलाव्यात ते जास्त सांभाळून घेतं.

हिरडीचं वेगळं सांगते. पेशंट आला, हिरड्या लाल, टच केलं की रक्त, आणि म्हणतो उद्या साखरपुडा आहे आजच भरा. अशा हिरडीशेजारी केलेला हिरडीकडचा काठ कोरडा राहणं अवघड. स्केलिंग करा, ब्रशिंग समजावा, आठवड्याने बोलवा, हिरडी शांत झाली की तेच काम निम्म्या वेळात होतं. वयस्कर बायका काही जणी अजून मिशरी लावतात, त्यांच्या हिरडीजवळचे काठ तर आधी नीट साफ केल्याशिवाय कळतच नाहीत की डाग कुठला आणि कीड कुठली. रक्त थांबवायला फेरिक सल्फेट वापरलंत तर भरपूर धुवा, त्याचा अंश राहिला तर काठ काळपट होतो आणि बॉन्डही बिघडतो, पुढच्या दातांना ॲल्युमिनियम क्लोराइड बरं पडतं. आधी कुणी झिंक ऑक्साइड युजेनॉलचं टेम्पररी भरलेलं असेल तर ते नुसतं टोचून काढू नका, भिंतींवरचा थर पूर्ण खरवडा, युजेनॉल रेझिनला सेट होऊ देत नाही. ब्लीचिंग नुकतंच झालं असेल तर एक-दोन आठवडे थांबा, शेडही तोवर स्थिरावते.

आता एक गोष्ट जी कॉलेजमध्ये कुणी सांगत नाही कारण तिथे कॉम्प्रेसर कुठल्यातरी वेगळ्या खोलीत असतो. जून ते सप्टेंबरमधल्या फिलिंग्जची तक्रार जास्त येतेय असं वाटत असेल तर थ्री-वे सिरिंज (खुर्चीवरची हवा-पाण्याची नळी) आरशावर धरा आणि फक्त हवेचं बटण दाबा. आरशावर बारीक शिंतोडे उमटले, किंवा तेलकट गोल उमटला, तर तुम्ही इतके दिवस "वाळवताय" ते खरं म्हणजे पाणी आणि तेल फवारताय. पुण्याच्या पावसाळ्यात हवा दमट, कॉम्प्रेसर तीच हवा दाबून टाकीत भरतो, पाणी टाकीच्या तळाशी साचतं, आणि खालचा ड्रेन व्हॉल्व्ह कुणी उघडलेलाच नसतो. रोज क्लिनिक बंद करताना टाकी ड्रेन करायची, फिल्टर वेळेवर बदलायचा, जमलं तर एअर ड्रायर बसवायचा. असिस्टंट ताईंना एकदा समजावून सांगितलंत तर त्या आपल्यापेक्षा नेमाने करतात. आरशाची टेस्ट दर सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी करा, दहा सेकंद लागतात. आणि थ्री-वेमध्ये हवेचं बटण दाबल्यावर आधीच्या पाण्याचा एक थेंब आधी उडतो, तो बाहेर उडवून मग दाताकडे वळवा.

रबर डॅम लावा. पुढच्या दातांना कॅनाइन (सुळा) ते कॅनाइन किंवा प्रीमोलर ते प्रीमोलर लावणं मागच्या दातांपेक्षा सोपं असतं, एकदा हात बसला की दोन-तीन मिनिटं. "पेशंटला आवडत नाही" हे कारण बहुतेक वेळा डॉक्टरलाच आवडत नसतं. पण शेड त्याच्या आधी घ्या, दात ओला असताना, दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून. डॅम लावल्यावर दात वाळतो आणि पांढरा दिसतो, तेव्हा घेतलेली शेड दुसऱ्या दिवशी खडूसारखी चमकते. एच केल्यावर लाळ लागली तर नुसतं पाण्याने धुऊन पुढे जाऊ नका, थोडा वेळ परत एच करा.

क्लास फोर पडण्याचा आपल्याकडे एक सीझन असतो, डिसेंबर-जानेवारी, हुरडा पार्ट्या, ऊस, बोरं, संक्रांत. ऊस दाताने सोलायचा हा प्रकार अजून लोक अभिमानाने करतात आणि बांधलेल्या कोपऱ्याने तो सोलला की कोपरा हातात. पण दर वेळी उसावर ढकलून मोकळं होऊ नका. पेशंटला खालचा जबडा पुढे सरकवायला लावा, दातांची टोकं एकमेकांवर येतात तेव्हा सगळा भार तुमच्या कोपऱ्यावरच येतोय का ते कागदाने बघा. शेजारच्या नैसर्गिक दातावर ठिपका नाही आणि कॉम्पोझिटवर गडद, तर ते पडणारच होतं, ऊस फक्त निमित्त. डीप बाईट, दात घासायची सवय, नखं कुरतडणं, टाचणी दातात धरणारे शिंपीकाका, हे सगळं भरायच्या आधी विचारायचं. जागाच नसेल तर कितीही सुंदर बेव्हल द्या, जाडी येणार नाही. अशा पेशंटला कोपरा किंचित आखूड ठेवतो म्हणून आधीच सांगा, नाईट गार्ड सुचवा.

गाडीवरून पडून कोपरा गेलेले पेशंट पुण्यात कमी नाहीत, कारण अख्खं शहर दुचाकीवर असतं. तिथे कॅव्हिटीच्या आधी पल्प, कोल्ड टेस्ट, एक्स-रे, दात हलतोय का, आणि नंतर काही महिने फॉलोअप, नाहीतर सुंदर बांधलेल्या दाताचा रंग हळूहळू राखाडी होतो आणि दोष कॉम्पोझिटच्या शेडला जातो. तुटलेला तुकडा मिळाला असेल तर तोच चिकटवता येतो, फोनवरच सांगा की दुधात किंवा पाण्यात बुडवून आणा, कोरडा रुमालात गुंडाळून नको.

राखाडी दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे आरपार कॅव्हिटी एकाच पारदर्शक इनॅमल शेडने भरणं, तोंडाचा आतला अंधार त्यातून दिसतो. मागे डेंटिन शेडचा अपारदर्शक थर आणि वर इनॅमल शेड, एवढ्याने बहुतेक सुटतं. थर दोन मिलिमीटरच्या आत, क्युअर (लाईटने कडक करणं) दोन्ही बाजूंनी, आणि क्युअरिंग लाईटच्या टोकाला आधीच्या पेशंटचं कॉम्पोझिट चिकटलेलं नाही ना तेवढं बघा.

फ्लुओरोसिसवाले (पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने डागाळलेल्या दातांचे) पेशंट, पुण्यात शिकायला-नोकरीला आलेली चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडची मुलं, त्यांच्या इनॅमलचा बाहेरचा थर ॲसिडला दाद देत नाही, नेहमीच्या वेळेत एच करून वाळवलं तर खडूसारखा पांढरेपणा नीट उमटत नाही. बेव्हलने तो वरचा थर हलका काढा, एचिंगची वेळ वाढवा, परत वाळवून बघा.

पेशंटला काय सांगायचं? पुण्यात पहिला प्रश्न "गॅरंटी किती वर्षांची?" हाच येणार, त्याला आकडा देऊ नका. भरायच्या आधीचा फोटो, कॅव्हिटी साफ झाल्यावरचा फोटो आणि भरल्यावरचा फोटो दाखवा आणि सांगा की याला दर सहा महिन्यांनी पॉलिश लागेल आणि याने ऊस सोलायचा नाही. कॅव्हिटीचा वाळवलेला फोटो पेशंटपेक्षा तुमच्याच जास्त कामाचा असतो, वर्षाने रेघ आली तर मागे जाऊन बघता येतं की त्या जागी काठ कसा होता.

परत करायची वेळ आलीच तर जुनं कॉम्पोझिट काढताना घाई करू नका, दर रिप्लेसमेंटला कॅव्हिटी थोडी वाढतेच. दात आणि कॉम्पोझिट ओले असताना एकसारखे दिसतात, म्हणून थोडं कापा, वाळवा, बघा, परत कापा. नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च मिळतो तो दातावर मारा, बऱ्याच कंपन्यांचं कॉम्पोझिट दातापेक्षा वेगळं चमकतं आणि कुठे उरलंय ते लगेच सापडतं, फक्त डोळ्यावर थेट मारू नका. सगळं निघाल्यावर काठावर जुन्या बेव्हलची जागा ताजी करून घ्या, त्यावर जुना रेझिनचा थर असतो आणि ॲसिड त्याच्यावर काही करत नाही. कीड नसेल आणि निम्मं जुनं फिलिंग घट्ट असेल तर ते राहू द्या, त्याचा पृष्ठभाग डायमंडने खडबडीत करा, सँडब्लास्टर असेल तर उत्तमच, बॉन्ड लावा आणि फक्त तुटलेला भाग बांधा. आणि बाईट सुधारूनसुद्धा तोच कोपरा परत पडला आणि दाताचा निम्म्याहून जास्त भाग आता कॉम्पोझिटच उरलाय, तर पेशंटशी व्हिनिअर (दाताच्या समोरचं पातळ कवच) किंवा क्राउनबद्दल (कॅपबद्दल) बोला, तिसऱ्यांदा तेच बांधून देऊ नका.